टाका जोडाचा, टाका काठाचा

लुगडं मधोमध विरलं की माझी आजी ते बोहारणीला देत नसे. विरलेला पट्टा कापून काढायची, दोन्ही बाजूंचे धड तुकडे एकमेकांना जोडायची आणि तेच लुगडं पुढे दोन-तीन वर्षं नेसायची. याला दंड घालणं म्हणत. तिचं एक दंड घातलेलं लुगडं सूरला येताना मी पेटीत घालून आणलं. रंग पार उडाला आहे, पदर जागोजागी फाटला आहे, पण दंडाचा एकही टाका उसवलेला नाही.

सूरला राहायला आल्यावर तो दंड मला वारंवार आठवू लागला, त्याला कारण इथली गलबतं. ओमानच्या पूर्व टोकाजवळचं हे बंदर, मस्कतपासून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे 200 किलोमीटर. इथली गलबतं एके काळी मुंबई, मलबार आणि झांजिबारच्या फेऱ्या करत. 1951 साली इथेच बांधलेलं ‘फतह अल खैर’ गावात जतन करून ठेवलं आहे. पण शिवणकाम करणाऱ्यांनी ऐकावी अशी गोष्ट 1980 सालची. टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवासी लेखकाने जुन्या अरबी पद्धतीचं ‘सोहार’ नावाचं गलबत सूरमध्ये बांधून घेतलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, त्या शिवलेल्या आहेत. फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडली, सांध्यावर नारळाच्या काथ्याची गादी ठेवली आणि सुंभाने ओढून फळीला फळी शिवली. सुमारे 640 किलोमीटर सुंभ लागला. शिवायला लक्षद्वीपची माणसं आली होती. नोव्हेंबर 1980 मध्ये मस्कतहून निघालेलं ते गलबत पुढच्या जुलैमध्ये चीनमधल्या कँटनला पोहोचलं. आज ते मस्कतमध्ये अल बुस्तानच्या चौकात उभं आहे. अशाच शिवलेल्या पद्धतीचं, गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे 2025 मध्ये कारवारला आपल्या नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं.

फळी असो की मलमल, जोडाचे नियम तेच. दोन्ही कडांची भोकं समोरासमोर यावीत. प्रत्येक टाक्याची ओढ सारखी असावी. आणि जोड इतका करकचून आवळू नये की कापडाला, किंवा लाटेवरच्या फळीला, थोडं हलायलाही जागा राहू नये. या लेखात जे टाके सांगणार आहे ते याच तीन गोष्टींवर उभे आहेत.

सुई हातात घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या जागेला ओढ बसणार आहे की घासणं? ब्लाउजचा खांदा, पंजाबीची बगल, पिशवीचा बंद यांना ओढ बसते. बाहीची कड, साडीची खालची किनार, उशीच्या अभ्र्याचं तोंड, परकराचा घेर हे घासले जातात. ओढ बसते तिथे आधी साधी पक्की शिवण घाला आणि शोभेचा टाका तिच्यावर नंतर भरा. नक्षीच्या टाक्याच्या भरवशावर बगल सोडू नका, पहिल्या धुण्यातच ती उसवेल. घासतं तिथे कडेला दोरा असा गुंडाळला गेला पाहिजे की कापडाऐवजी दोरा झिजेल. दोरा झिजला तर पुन्हा भरता येतो, कड झिजली तर कापडच कापावं लागतं. जिथे ओढही नाही आणि घासणंही नाही, जसं टेबलाचं कापड, दुपट्ट्याचा मध्य, देवघराचा पडदा, तिथे नाजूक जाळीचा जोड खुशाल घाला. भरतकामाच्या पुस्तकांत टाक्यांची चित्रं सुंदर असतात, पण टाका कुठे टिकेल हे त्यांत क्वचितच लिहिलेलं असतं. नव्याने शिकणाऱ्यांची निराशा बहुतेक इथूनच सुरू होते.

तयारीबद्दल थोडक्यात. कापड नवं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. दोन वेगळी कापडं जोडायची असतील तर हे टाळूच नका, कारण एक आटलं आणि दुसरं नाही की जोडावर सुरकुत्या कायमच्या. दोऱ्याचा रंग जातो का तेही पाहा: ओल्या पांढऱ्या चिंधीत दोरा दाबून धरा, चिंधीला रंग लागला तर तो दोरा नको. हे मी नुकसान सोसून शिकले आहे. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या चारही बाजूंना लाल काजटाका घातला, तीन आठवडे बसून, आणि पहिल्याच धुण्यात कड गुलाबी झाली. बाजारात मिळणारी सहापदरी दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते. तिचे सहाही पदर एकदम वापरू नका. मलमलीला एक किंवा दोन, पॉपलिनला दोन, खादीला किंवा जाड कापडाला तीन पदर पुरे. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढाच घ्या. लांब दोरा वेळ वाचवत नाही, तो पिळतो, गुंततो आणि शेवटी शेवटी त्याची चमक जाते.

सूरसारख्या समुद्राकाठच्या गावात, आणि मालवण-रत्नागिरीतही, दमट हवेत बोटांना घाम येतो, सुई कापडात अडकते आणि ओल्या कापडात सुई टोचून ठेवली तर दोन दिवसांत गंजाचा तपकिरी ठिपका पडतो. तो डाग निघता निघत नाही. काम थांबवताना सुई कापडातून काढून डबीत ठेवायची सवय लावून घ्या. बोटांना थोडी टाल्कम पावडर लावली की सुई सरकते.

आणखी एक सवय मोलाची: गाठ मारू नका. धारवाडकडच्या कशिद्यात, ज्याला तिथे कसुती म्हणतात, गाठ चालत नाही. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे असा तिथला आग्रह. जोडाच्या कामात तर गाठ हमखास टोचते किंवा सुटते. दोरा सुरू करताना मागच्या बाजूला बोटभर सोडा आणि पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून घ्या. संपवताना मागच्या टाक्यांतून सुई नेऊन पुन्हा एकदा उलट फिरवा.

आता जोडाकडे. पक्का जोड म्हणजे उलटी टीप. धावदोरा पुढे पुढे जातो, उलटी टीप प्रत्येक टाक्याला एक पाऊल मागे येते, म्हणून ती ओढ सहन करते. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. दंड घालताना आजी आधी धावदोऱ्याने दोन्ही तुकडे उलट्या बाजूने जोडायची, मग एका तुकड्याची माया अर्धी कापून दुसरी तिच्यावर दुमडायची आणि ती घडी बारीक तुरपाईने खाली बसवायची. त्यामुळे कापलेली कड कुठेच उघडी राहत नसे, लुगडं आतून-बाहेरून सारखंच गुळगुळीत. शिंपी ज्याला चार सूत म्हणतात, म्हणजे अर्धा इंच, तेवढी माया या जोडाला हवीच. काटकसर करून दोन सूत सोडली तर घडी बसत नाही आणि दशा सुटतात. आजीचा धावदोरा इंचात दहा-बारा टाक्यांचा आहे. त्याच लुगड्यावर सुई ठेवून मी मोजून पाहिले आहेत.

जिथे दोन्ही बाजूंना विणलेला काठच आहे, उदाहरणार्थ दोन अरुंद पन्ह्यांची खादी जोडून चादर करायची आहे, तिथे माया सोडायची गरज नाही. काठाला काठ लावून दोन्हींच्या अगदी कडेचे एक-दोन धागे पकडत तिरके टाके घालत जा. मग कापड उघडून नखाने जोडावर दाब द्या, तो सपाट बसतो. टाके घट्ट ओढले असतील तर मधोमध वरंबा उभा राहील, तो इस्त्रीनेही जाणार नाही. अशा वेळी उसवा आणि पुन्हा घाला. उसवायचा आळस करू नका, ती चादर पुढे वीस वर्षं अंगावर राहणार आहे.

पक्क्या जोडावर शोभा आणायला दोन टाके मला सगळ्यात आवडतात. पहिला मच्छीटाका, माशाच्या काट्यासारखा दिसणारा. डावीकडून उजवीकडे जायचं, पण सुईचं टोक दर वेळी डावीकडे. जोडाच्या रेषेच्या खाली दोन सूत आणि वर दोन सूत अशा दोन रेषा पेन्सिलीने हलक्या आखा. खालच्या रेषेवर सुई बाहेर काढा, तिरकं वर जा, वरच्या रेषेवर उजवीकडून डावीकडे छोटा टाका उचला, पुन्हा तिरकं खाली या, खालीही तसाच छोटा टाका उचला. दोरे एकमेकांना ओलांडत जातात आणि जोड त्या काट्यांच्या मधोमध झाकला जातो. मागच्या बाजूला धावदोऱ्याच्या दोन सरळ ओळी दिसतात. शिवणीची माया उघडून दोन्हीकडे पसरली असेल तर या दोन ओळी तिला खाली बसवतात, म्हणजे शोभा आणि मजबुती एकाच टाक्यात. गोधडीच्या ठिगळांवर तो फार खुलतो. दुसरा पिसाचा टाका. वरून खाली यायचं, एकदा जोडाच्या डावीकडे आणि एकदा उजवीकडे सुई टोचायची, आणि दर वेळी दोरा सुईच्या टोकाखाली धरून फास सोडायचा. तो जोडावर वेलीसारखा चढत जातो. वेडीवाकडी ठिगळं जोडली असतील तर हाच टाका घ्या, कारण रेष वळली तरी वेल वळते, नक्षी बिघडत नाही.

गोधडीचा विषय निघालाच आहे तर यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल सांगते. त्या कवंदीला मधून सुरुवात करत नाहीत, कडेपासून करतात. कडा आधी दुमडून बसवायच्या आणि धावदोऱ्याने गोल गोल आत यायचं, तुकडे लावत लावत, मध्यापर्यंत. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या छोट्या चौकोनांचे ‘फुला’ बसवायचे, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. या बायकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले, पुष्कळसे गोव्यामार्गे. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे: कड हे शेवटचं काम समजू नका. कड आधी बसली की मधलं कापड सरकत नाही.

आता ज्या जोडासाठी हा लेख लिहायला घेतला तो जाळीचा जोड. यात दोन कापडं एकमेकांना टेकतच नाहीत. मध्ये पाव इंचाची फट राहते आणि त्या फटीत दोऱ्याची जाळी असते. दुपट्ट्याचे दोन पट्टे, बाहीला लावलेली वेगळ्या रंगाची पट्टी, बाळाच्या झबल्याचं खांद्याचं पान यांना तो शोभतो. करायला सोपा आहे, फक्त तयारीत घाई चालत नाही.

आधी दोन्ही कापडांच्या कडा बारीक दुमडून तुरपाईने बसवा, कारण फटीत कच्ची कड दिसली तर सगळं काम वाया. मग जाड तपकिरी कागदाची पट्टी घ्या, वाण्याच्या पिशवीचा कागदही चालतो. त्यावर पट्टीने दोन समांतर रेषा आखा, मध्ये दोन सूत अंतर ठेवून. एका रेषेवर एक कापड आणि दुसऱ्या रेषेवर दुसरं, दोन्हींच्या दुमडलेल्या कडा समोरासमोर, असं कच्च्या टाक्यांनी कागदाला पक्कं टाचा. टाचताना कापड ओढून ताणू नका. एक बाजू ताणली आणि दुसरी सैल राहिली, तर कागद काढल्यावर जोड साप चालल्यासारखा वळतो. पुढचे टाके फक्त कापडात आणि फटीत पडले पाहिजेत, कागदातून सुई जाता कामा नये.

दोरा जरा जाड घ्या, तीन पदर किंवा पिळाचा एकेरी दोरा. डावीकडून सुरुवात करा. खालच्या कडेवर सुई वर काढा. फट ओलांडून वरच्या कडेला जा, थोडं उजवीकडे सरकून सुई कापडाच्या खालून वर काढा. आता परत खालच्या कडेकडे यायच्या आधी, फटीत जो दोरा आडवा पडला आहे त्याच्या खालून सुई एकदा काढा, म्हणजे दोऱ्याला दोऱ्याचा एक पीळ बसेल. मग खालच्या कडेला, पुन्हा थोडं उजवीकडे, सुई खालून वर. परत वर जाताना तसाच एक पीळ. सुई नेहमी कापडाच्या खालून वर यायची आणि प्रत्येक ओलांडणीला एक पीळ, एवढे दोन नियम डोक्यात राहिले की हात आपोआप चालतो. पाच-सहा इंच झाल्यावर थांबून डोळ्यांनी मोजा. टाक्यांतलं अंतर सारखं आहे ना? सुरुवातीला मी कागदावर पेन्सिलीने पाव-पाव इंचावर खुणा करून घेत असे. त्यात कमीपणा काहीच नाही, सुतारही खुणा करूनच करवत चालवतो.

पूर्ण झालं की कच्चे टाके कापा, कागद हलक्या हाताने सोडवा आणि जोड उलट्या बाजूने, ओल्या फडक्यावरून, दाबून इस्त्री करा. इस्त्री फिरवू नका, टेकवून उचला. पहिल्यांदा हा जोड जमला की रात्री दिव्यासमोर धरून पाहा. त्या फटीतून उजेड येतो आणि प्रत्येक पीळ वेगळा दिसतो. हे पाहिल्यावर कोणीही पहिल्या कामावर थांबत नाही असा माझा अनुभव आहे.

याहून सोपा, आणि मुलांनाही शिकवता येईल असा जोड म्हणजे काजटाक्यांची वीण. दोन्ही कापडांच्या कडांना स्वतंत्रपणे काजटाका घालून घ्या, दोन्हीकडे टाक्यांमध्ये सारखंच अंतर आणि टाक्यांची संख्याही सारखी. मग कडा समोरासमोर ठेवून वेगळ्या रंगाचा जाड दोरा एकदा या बाजूच्या फासातून आणि एकदा त्या बाजूच्या फासातून ओवत जा, बुटाची नाडी ओवतो तसा. सुंभाने फळ्या शिवतात त्याची ही छोटी नक्कल म्हणता येईल. लोकरीच्या चौकोनांची शाल, फेल्टची पिशवी, उशीचा अभ्रा यांना हा जोड छान. एक बाजू सैल पडली तर ओवलेला दोरा सैल करून पुन्हा ओढता येतो, ही याची मोठी सोय.

काजटाक्याचं नाव निघालं की काठाकडे वळायलाच हवं, कारण काठाच्या कामात त्याच्या बरोबरीचा टाका दुसरा नाही. कडेला समांतर चालायचं, सुई कापडात वरून खाली टोचायची आणि बाहेर काढताना दोरा सुईच्या टोकाखाली अडकवायचा. कडेवर दोऱ्याची एक सरळ साखळी बसत जाते. टाके अंतरावर घातले तर ब्लँकेटची कड, अगदी जवळ जवळ घातले तर शर्टाचं काज. कोपरा आला की बहुतेक जण गोंधळतात. तिथे एकाच भोकात तीन टाके घाला: पहिला येणाऱ्या बाजूचा, दुसरा कोपऱ्यावर तिरका, तिसरा जाणाऱ्या बाजूचा. कोपरा धारदार राहतो आणि दोरा घसरत नाही. गोल कडेला उलट, बाहेरच्या बाजूला टाके थोडे पसरू द्या आणि आत मध्याकडे रोख ठेवा.

कमानींची कड करायची असेल तर ओमानचं 50 बैसाचं किंवा आपलं रुपयाचं नाणं कडेवर ठेवून अर्धगोल आखत जा. कापड आत्ता कापू नका. अर्धगोलाला समांतर आत एक सूत अंतरावर दुसरी रेष काढा, दोन्ही रेषांच्या मध्ये साखळी टाका भरून थोडी जाडी आणा, आणि त्यावर काजटाके एकमेकांना चिकटून घाला, काजटाक्यांची साखळी बाहेरच्या बाजूला येईल असे. काम पूर्ण झाल्यावर एकदा धुवा, म्हणजे दोरा आणि कापड एकमेकांत बसतात. मगच बारीक टोकाच्या कात्रीने साखळीच्या अगदी बाहेरून कापड कापा. कात्रीने साखळीचा धागा कापला गेला तर ती कमान उसवत जाईल, म्हणून कात्री किंचित बाहेरच्या बाजूला कलती धरा.

ओमानी पुरुषांच्या डोक्यावरची कुम्मा टोपी जवळून पाहिली नसेल तर अवश्य पाहा. वरचा गोल आणि बाजूची पट्टी, दोन्हींवर बारीक बारीक छिद्रं, आणि प्रत्येक छिद्राच्या कडेला दोरा गुंडाळलेला. ती छिद्रं नुसती नक्षी नाहीत, त्यातून हवा खेळते. हाताने केलेल्या एका टोपीला महिना आणि त्याहूनही जास्त जातो, आणि हे काम घरी बसून बायका करतात. शेजारच्या वयस्क ओमानी बाई, आम्ही त्यांना खाला म्हणतो, दुपारच्या वेळी हे काम घेऊन बसतात. त्यांच्या हाताकडे पाहून मी छिद्राचा टाका सुधारला. त्या कापड कापत नाहीत. आधी छिद्राभोवती बारीक धावदोऱ्याचं वर्तुळ, मग टोच्याने मधले धागे बाजूला सारायचे, आणि टोच्या काढताच लगेच कडेभोवती दोरा गुंडाळायचा. धागे तुटलेले नसल्यामुळे छिद्र कधी फाटत नाही. आपल्याकडे कात्रीने भोक पाडून मग काठ भरतात, त्याने काम लवकर होतं पण धुता धुता दशा डोकावतात. ब्लाउजच्या बाहीवर, बाळाच्या टोपऱ्याच्या कडेवर अशी एक ओळ घालून पाहा.

इथल्या बायकांच्या पेहरावात सरवालच्या, म्हणजे विजारीच्या, घोट्यापाशी आणि बाह्यांच्या टोकाला जरीची अरुंद पट्टी असते. ती कापडावर भरलेली नसते, उशीवर दोरे ताणून हाताने वेगळी गुंफतात आणि मग कडेला शिवतात. शेजारच्या अमिरातीत हिला तल्ली म्हणतात, आणि तिथल्या तल्लीचा युनेस्कोने 2022 साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ‘जरी’ हा शब्द इथेही जरीच आहे, मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

जुन्या पैठणीचा किंवा आईच्या शालूचा जरीकाठ काढून नव्या कपड्याला लावणारे वाचक पुष्कळ असतील, त्यांनी या पट्टीकडून एक गोष्ट घ्यावी. जरीच्या तारेतून सुई कधीच घालू नका. काठाच्या दोन्ही कडांना जरीबाहेर रेशमाचे किंवा सुताचे दोन-तीन धागे असतात, तेवढेच पकडून अगदी छोटे, तिरके टाके घाला. आधी पट्टीची आतली कड बसवा, मग बाहेरची, आणि दोन्ही एकाच दिशेने शिवा. एक डावीकडून आणि दुसरी उजवीकडून शिवली तर पट्टी पिळते. हातभर लांबीला बोटाच्या पेराएवढी ढील द्या, कारण कापड थोडं तरी खाली ओढलं जातं आणि जरी ओढली जात नाही. कोपऱ्यात पट्टी कापू नका, तिरकी घडी घालून वळवा. इस्त्री फक्त उलट्या बाजूने, मधे सुती फडकं ठेवून. घोट्यासारख्या घासणाऱ्या जागी पट्टी कडेच्या बरोबर टोकावर लावू नका, एक सूत आत घ्या. जमिनीला घासायचं ते अस्तराची दुमडलेली कड घासू दे, जरी वाचेल.

उपरणं, शेला किंवा हातमागाचा टॉवेल यांना दशा ठेवायच्या असतील तर आधी धागे अडवायला हवेत. कडेपासून दोन-तीन इंच आत चार आडवे धागे ओढून काढा. उघडे पडलेले उभे धागे चार-चारच्या जुड्यांत घ्या: सुई जुडीभोवती फिरवा, ओढा, मग वरच्या, म्हणजे मुख्य कापडात एक छोटा टाका. अशी ओळ पूर्ण झाली की खालचे आडवे धागे सगळे काढून टाका, दशा मोकळ्या होतील आणि पुढे उसवणार नाहीत. मग त्यांना गाठी मारा. पहिल्या ओळीत शेजारच्या दोन जुड्यांची एक गाठ, दुसऱ्या ओळीत प्रत्येक गाठीच्या अर्ध्या दशा शेजारच्या अर्ध्यांशी. जाळीदार गोंडे होतात. गाठ सरकवून सारख्या उंचीवर आणण्यासाठी तिच्यात जाड सुई ठेवा आणि सुई वर ढकलत गाठ आवळा. हे काम खादीवर किंवा हातमागाच्या कापडावरच करा. पॉपलिनचे धागे इतके दाट असतात की ओढताना तुटतात आणि डोळेही दुखतात.

उरेब कापलेल्या कडेबद्दल एक सूचना. ती ताणली जाते, म्हणून तिच्यावर थेट काजटाका घालू नका, कड लाटांसारखी होईल. आधी उरेब पट्टी लावा किंवा कडेच्या आत एक धावदोरा घालून तो हलका ओढून कड मूळ मापावर आणा. गळ्याच्या गोलाला हे फार उपयोगी पडतं.

तुमच्या घरात आईची, आजीची, आत्याची एखादी साडी असेल, मधून विरलेली आणि म्हणून कपाटाच्या तळाशी पडलेली. ती कोणाला देऊन टाकण्याआधी उजेडात धरून बघा, काठ आणि पदर बहुतेक धड असतील. उद्या दुपारी तिच्याच विरलेल्या भागातून चार बोटं रुंद आणि वीतभर लांब अशा दोन पट्ट्या कापा, त्यांच्यावर उलटी टीप, मच्छीटाका आणि जाळीचा जोड प्रत्येकी एकदा घालून पाहा. हात बसला की मगच धड भागाला कात्री लावा, आणि दंड घालताना आतल्या मायेवर त्या बाईचं नाव आणि साल बारीक उलट्या टिपेने भरून ठेवा. आजीच्या लुगड्याच्या दंडावर मी तेच केलं आहे.